आर्नेआजोबांचा पहिला प्रश्न

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या त्या गावात डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे पाहुणा म्हणून जाऊन "मांस नीट शिजलंय ना?" विचारण्यासारखं मानत. आर्नेआजोबा तर नॉर्वेहून आलेल्या अबोल शेतकऱ्यांच्या कुळातले. गळ्यातली गाठ शुक्रवारी काढायची होती. संमतीच्या कागदावर त्यांनी न वाचताच सही केली होती, वर डॉक्टरीणबाईंना घरच्या चीजचा गोळाही देऊन आले होते.

त्यांची नात सिग्ने अकरावीत होती. तिच्या वर्गाला रुग्णांचे हक्क बारेकबाई शिकवायच्या; त्या आधी तीस वर्षं नर्स होत्या. त्या आठवड्यात त्यांनी मुलांना सांगितलं, "घरात कुणाचा इलाज चालू असेल तर 'समजलं का?' असं विचारू नका. त्याला सगळेच हो म्हणतात. 'काय समजलं ते सांगा,' म्हणा."

संध्याकाळी गोठ्यात सिग्नेने आजोबांना तसंच विचारलं.

"गाठ काढतील. सोमवारी मी परत इथे," आजोबा म्हणाले.

तिने कागद आणून वाचला. दुसऱ्या पानावर होतं, आवाज बदलू शकतो, क्वचित कायमचा.

धार काढणारे आजोबांचे हात थांबले. रोज सांजेला कुंपणापाशी उभं राहून ते लांब साद घालत, आणि धुक्यातून एकेक गाय मान उचलून घराकडे वळे. चाळीस वर्षं गायींना तीच साद ठाऊक होती.

"आता सही झाली, पोरी," ते हळूच म्हणाले. "दिलेला शब्द मागे घेत नसतात."

सिग्नेला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बारेकबाईंना गाठलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ती सही म्हणजे तुझ्या आजोबांनी दिलेला शब्द नव्हे गं. डॉक्टरांनी सगळं समजावलं, आणि आजोबांना ते पटलं, याची ती खूण. समजावलंच नसेल तर खूण कसली? भूल देईपर्यंत ते नको म्हणू शकतात."

सिग्नेने घरी येऊन हे सांगितल्यावर आजोबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "चल."

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी घाईने तपासलं आणि त्या दाराकडे वळल्या. आजोबांनी हातातली टोपी चुरगाळली.

"थांबा जरा, बाई. माझा आवाज जाईल का?"

त्या परत येऊन बसल्या. चित्र काढून स्वरयंत्राची नस दाखवली. गाठ साधी आहे, सहा महिने लक्ष ठेवून थांबलं तरी चालेल, हेही सांगितलं. "हे मी आधीच बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

आजोबांनी थांबायचं ठरवलं. गाडीत बसल्यावर ते नवलाने म्हणाले, "रागावल्या नाहीत गं त्या!"

आपणही कितीदा अशीच मान डोलावून येतो! डॉक्टरांवर विश्वास जरूर असावा. विचारल्याने तो कमी होत नाही. देह आपला आहे, त्याचं पुढे काय होणार हे कळणं आपला हक्क आहे. पोरांना हे शाळेतच शिकवा. घरातल्या म्हाताऱ्यांना मग ती शिकवतील.