वर सरकणारं दार

कारखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं लोटली, तरी शेजारपाजार त्यांना फोरमनच म्हणत असे. आणि घरात त्यांच्यावर हुकूम चालवणाऱ्या पांढऱ्या बोक्याचं नाव मुकादम होतं. गेल्या खेपेला लेकीकडे जाताना हा मुकादम टोपलीचं झाकण उचकटून थेट ब्रेकखाली शिरला, आणि गाडी दुभाजकाला घासली. या खेपेला तर भाड्याचं घर सोडून कायमचं लेकीकडे जायचं होतं. म्हणून फोरमननी तीन आठवडे खपून पिंजरा बनवला.

लाकडी चौकट, जाड तारेची जाळी, आणि तळाशी दोन बोल्ट, मागच्या सीटच्या लोखंडी सांगाड्याला आवळलेले. बिजागरीचं दार मुकादमला पंजानं उघडता येई, म्हणून दार वर सरकणारं केलं. टेबलावर ठेवून ते पंचवीस वेळा उघडलं, मिटलं. मग पिंजरा गाडीत बसवून गदागदा हलवला. तसूभर सरकला नाही. दोन्ही चाचण्यांचे निकाल वहीत नोंदले गेले.

"टोपलीला दोरी बांधली असती तरी भागलं असतं," बायको म्हणाली होती.

"दोरी म्हणजे बांधकाम नव्हे," फोरमननी सुनावलं होतं.

आता दुपारचे दोन वाजले होते. घाटाच्या चढावर, एकीकडे खडक आणि दुसरीकडे कठडा, अशा रस्त्यात गाडी दीड तास जागची हलली नव्हती. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढत गेला, तेव्हा आधी एसी बंद झाला आणि मग इंजिन. काच उघडावी तर आत गार वारा नाही, धूर येत होता.

"अहो," मागच्या सीटवरून बायको हळूच म्हणाली, "हा तोंड उघडून धापा टाकतोय. कुत्र्यासारखा."

फोरमन वळले. मुकादमची जीभ बाहेर लोंबत होती. मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागलं की एक मिनिटही दवडू नका, त्याला ओलं करा, असं जनावरांच्या डॉक्टरनं दोनदा बजावलं होतं.

"दार उघड. ओला पंचा गुंडाळ त्याला."

बायकोनं दार वर ओढलं. ते दोन बोटं उचललं गेलं आणि ठक्क वाजून थांबलं.

"जोर लाव."

"जोर काय लावू? छताला लागतंय हो!"

फोरमन उतरून मागच्या दारातून आत वाकले. खरंच लागत होतं. दार टेबलावर तपासलं होतं आणि पिंजरा गाडीत. गाडीत बसवलेल्या पिंजऱ्याचं दार उघडून पाहायचं मात्र राहून गेलं होतं. असल्या चुकीसाठी त्यांनी नोकरीत कित्येकांचे नकाशे परत धाडले होते.

"बोल्ट काढा ना मग."

"तेरा नंबरचा पाना हवा."

"कुठाय?"

"हत्यारांच्या पेटीत." ते अडखळले. "डिकीत. सगळ्यात खाली."

पेटीवर अख्खा संसार रचलेला होता, आणि डिकीला मागच्या ट्रकचं नाक टेकायला आलेलं. बायकोनं बाटलीच्या झाकणात पाणी ओतून फटीतून आत सरकवलं. मुकादम कोपऱ्यातून उठलाच नाही. तिनं जाळीला पंचा लावून पिळला; थेंब त्याच्यापासून वीतभर अलीकडे पडले.

फोरमन ट्रकवाल्याकडे गेले.

"तेरा नंबरचा पाना आहे का हो?"

"माझ्याकडचे पाने चाकांचे, काका. यात तुमचं डोकं बसेल." ट्रकवाल्यानं उतरून गाडीच्या खिडकीतून डोकावून पाहिलं आणि त्याचा सूर उतरला. "अरेरे. पक्कड आहे. तार कापते."

फोरमननी पक्कड घेतली. खिशातून पेन्सिल काढून ते जाळीवर चौकोन आखू लागले.

"अहो, रेघा कसल्या आखताय! कापा!"

त्यांनी कापली. पहिली तार तुटताना मन चरकलं, पुढच्या मोजल्या नाहीत. दोन्ही मनगटं ओरबाडून घेत त्यांनी मुकादमला बाहेर काढलं. बोका ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. बायकोनं त्याला पंच्यात गुंडाळलं, पंजे भिजवले, चष्म्याच्या डबीत पाणी धरलं. त्यानं बाहेर उडी घेऊ नये म्हणून बोटभर फट ठेवून काचा वर केल्या, आणि तिघंही त्या भट्टीत कोंडून बसली. बऱ्याच वेळानं डबीत जीभ वाजली. मग तोंड मिटलं.

"प्यायला," बायको म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

तेवढ्यात पुढच्या गाड्या हलल्या. फोरमन घाईनं पुढे येऊन बसले, किल्लीला हात घातला. आणि पंच्यातून निसटलेला मुकादम सीटखालून सरकत येऊन ब्रेकखाली आडवा झाला. तिथलं लोखंड बहुधा थोडं गार असावं.

मागे भोंगा वाजला. पुढचा रस्ता मोकळा होत गेला.

"काका, चला की!" ट्रकवाला ओरडला.

फोरमननी किल्ली काढून बायकोच्या हातात दिली आणि काचेच्या फटीला तोंड लावलं.

"थांबावं लागेल. डिकी उघडेल एवढा ट्रक मागे घेता येतो का बघा. डिकीत वरच टोपली आहे, आणि सामानाची दोरीही."

"बांधकाम नव्हे ना ते?" मागून बायकोनं विचारलं.

ओरबाडलेला हात खाली घालून फोरमन मुकादमची बरगडी किती वेगानं हलतेय ते मोजत राहिले.