मागच्या डाव्या कोपऱ्याखालची पट्टी

मित्रांनो, मोटारीचा दरवाजा उघडताना त्याला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तू मूळचा कुठला? विचारलं असतंत, तर माझं नाव निघालं असतं. मी बारा टनांचा एक जुना लोखंडी साचा आहे. मला दोन जबडे. मध्ये सपाट पत्रा ठेवायचा, प्रेसने वरचा जबडा दाबायचा, की दरवाजा तयार. आयुष्यात मी एवढंच केलं, पण ते बत्तीस लाख वेळा केलं.

माझा जन्म कॅनडातल्या विंडसरचा. नदीपलीकडे डेट्रॉइट, म्हणजे अमेरिका. दोन्ही देशांनी फार पूर्वी करार करून गाड्यांवरची जकात उठवली होती. त्यामुळे माझा दरवाजा सकाळी पुलावरून पलीकडे जाई, तिथे गाडीला बसे, आणि तीच गाडी विकायला पुन्हा अलीकडे येई. गावातली निम्मी घरं त्या पुलाच्या जिवावर उभी होती.

जन्मतःच माझा मागचा डावा कोपरा केसभर जास्त घासला गेला होता. त्यामुळे दाब सारखा पडेना आणि प्रत्येक दरवाजाला खिडकीच्या कोपऱ्यात चीर जाई. साचे बसवण्याचं काम क्लेम मारेंटेटकडे होतं. त्याने माझ्यावरून तळवा फिरवला, थोडा विचार केला, कागदाइतकी पातळ पितळी पट्टी कापली आणि त्या कोपऱ्याखाली सरकवली. चिरा थांबल्या. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. अशा चार-दोन पट्ट्या प्रत्येक कारागिराच्या असत आणि कुणी त्याबद्दल विचारायचं नाही, अशी तिथली रीत होती. साहेब लोक पाहुण्यांपुढे माझं ड्रॉइंग पसरून म्हणत, बघा, किती काटेकोर काम. क्लेम मागे उभा राहून मुकाट्याने कॉफी पीत असे.

अशी एकोणीस वर्षं गेली. मधल्या काळात करारात मेक्सिको हा तिसरा देश आला होता. तिथली मजुरी कमी, म्हणून काम हळूहळू दक्षिणेकडे सरकू लागलं. आधी आरसे गेले, मग तारा, मग सीटा. शेवटी आमच्या कारखान्याच्या फाटकावर काम बंद होणार असल्याची नोटीस लागली.

मला न्यायच्या दिवशी क्लेमचा सोबती त्याला म्हणाला, "साचा त्यांचा आहे, क्लेम. तुझे हात काही त्यांनी विकत घेतलेले नाहीत."

क्लेम वाकला, त्याने पट्टी ओढून काढली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. बारा टनांतून एक पट्टी गेली, मित्रांनो, पण मला ती गेलेली कळली. माझ्या कागदांवर वजन होतं, किंमत होती, नाक्यावरचे शिक्के होते. पट्टीचा उल्लेख कुठेच नव्हता.

जवळजवळ तीन हजार किलोमीटर ट्रकवर बसून मी मेक्सिकोतल्या साल्तियोला पोचलो. इथे मला बसवण्याचं काम एल्विरा सेर्तुचेकडे आलं. चाळिशीची, बोलायला तिखट बाई. तिने मला ड्रॉइंगप्रमाणे अचूक बसवलं आणि पहिल्याच दरवाजाला चीर गेली. शंभराव्यालाही गेली. माझ्यासाठी बेचाळीस माणसं कामावर घेतली होती. महिनाअखेरपर्यंत धड दरवाजे निघाले नाहीत, तर काम दुसऱ्या गावाला द्यायचं ठरलं होतं. एल्विराने हे एकदा भोगलं होतं. तोर्रेओनला ती गाड्यांच्या तारा गुंफायची. तो कारखाना एका शुक्रवारी गुंडाळून आणखी दक्षिणेला गेला होता.

मग कंपनीने क्लेमला शिकवायला पाठवलं. त्याच्या नोकरीचे शेवटचे दोन आठवडे उरले होते.

चार दिवस तो खिशात हात घालून उभा राहिला. काहीही विचारलं तरी म्हणे, ड्रॉइंगमध्ये बघा. पोरांनी त्याचं नाव ड्रॉइंगमास्तर ठेवलं. एल्विरा रोज फडक्यात गुंडाळून गरम गोरदिता आणी, राजमा भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या. त्या तो खाई. खाताना मास्तरांचं तोंड बरोबर उघडतं, असं ती त्याच्यासमोरच म्हणाली.

पाचव्या दिवशी तिने मला क्रेनने उचलवून घेतलं आणि खालची बाजू स्वतः पुसली. मग येऊन क्लेमशेजारी बसली.

"मास्तर, मागच्या डाव्या कोपऱ्याखाली बोटभर जागा चकचकीत आहे. बाकी सगळीकडे डाग पडलेत. तिथे वर्षानुवर्षं काहीतरी होतं."

क्लेमने हातातला घास खाली ठेवला. "साहेबाला सांगितलंस?"

"नाही. काढून नेलंत म्हणजे तुमचंच असणार."

"तेवढीच एक गोष्ट उरलीय माझ्याजवळ," तो म्हणाला. "ती दिली, की मी तिथे होतो याला पुरावा काय?"

"तोर्रेओनहून निघताना मीही एक खुंटी काढून आणली," एल्विरा म्हणाली. "तारा गुंफायच्या फळीवरची. तिच्याशिवाय काम अडणार, हे मला ठाऊक होतं. आता ती माझ्या खिडकीत पडलीय. त्यांच्या कामाची नाही, आणि माझ्याही नाही."

क्लेमने चष्म्याची डबी काढली. पट्टी त्याने स्वतः बसवली नाही. आधी एल्विराचा तळवा माझ्या कोपऱ्यावर ठेवून तो उणा भाग तिला कळेपर्यंत फिरवला, मग पट्टी तिच्या हातात दिली. तिसऱ्या दरवाजाला चीर नव्हती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बेचाळीस माणसं आपापल्या कामाला लागली. क्लेम जाण्याआधी एल्विराने माझ्या कुशीवर पांढऱ्या रंगाने लिहिलं: "मागचा डावा कोपरा, पितळी पट्टी. क्लेम मारेंटेट, विंडसर."

त्याला सतरा वर्षं झाली. आता आणखी नवा करार आला आहे, कुठला भाग कुठे व्हावा याची नवी गणितं मांडली गेली आहेत, आणि मला पुन्हा ट्रकवर चढवायचं आहे. कुठे नेणार, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, लोखंड हलवायला क्रेन पुरते. पण एखादी वस्तू दूर पाठवाल, तेव्हा तिला हाताने ओळखणाऱ्या माणसालाही जरा विचारा. त्याचं म्हणणं तिच्याबरोबर जाऊ द्या. नाहीतर जुन्या गावी खिडकीत एक खुंटी पडून राहते आणि नव्या गावी चिरा पडत राहतात.

आज सकाळी एल्विरा आली. केस पांढरे झालेत तिचे. माझ्या मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी ती वाकली, पट्टी ओढून हातात घेतली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने पट्टी फडक्याने पुसली, तेलाचा हात दिला आणि होती तिथे परत सरकवली. जाताना रंगाचा डबा उघडून क्लेमच्या नावाखाली तिने आपलं नाव लिहिलं. खाली आणखी एका नावापुरती जागा तिने सोडली आहे.