शेवटल्या रकान्यातले

मनिराम हवालदाराने धानाच्या ढोलीत काठी खुपसून पाहिली, मग भिंतीवरचा कागद टर्रकन ओढून काढला. जमुनाबाईंनी पदर खोचला.

"ये क्या है? चौकटीच चौकटी, आत इंग्रजी अक्षरं, आकडे! कोणता पूल उडवायची खूण लिहून राहिला रे?" हवालदार पोरावर खेकसला.

जमुनाबाईंचा धाकटा मुलगा छोटेलाल नागपूरच्या कॉलेजात सायन्स शिकत होता. बेचाळीसच्या ऑगस्टात कॉलेज बंद पडलं आणि तो मुर्रीला, गावच्या घरी आला. तेव्हापासून तारायंत्राच्या तारा कापल्या म्हणून पोलिसांनी आसपासची किती पोरं उचलली, त्याची गणती नव्हती. त्याने तोंड उघडायच्या आत जमुनाबाई मध्ये आल्या.

"पंगत आहे ते, हवालदार." छोटेलालने मूलद्रव्यांचा तक्ता आईला तसाच समजावला होता. "दुनियेतल्या साऱ्या पदार्थांची. ज्याचा जसा स्वभाव, तिथं त्याचं पान. हा सोडियम, दिसला कोणी की पडला गळ्यात. अन् हे शेवटल्या रकान्यातले वायू. हेलियम, निऑन, आर्गन. कोणाच्या घेण्यात नाही, देण्यात नाही. तुमच्यावानी लोकाच्या ढोलीत काठी नाही घालत."

सोबतचा शिपाई फिस्सकन हसला. हवालदार हसला नाही.

"अन् तुमचा पोरगा कोणत्या रकान्यात?"

जमुनाबाईंनी ढोलीचं झाकण बसवलं.

"शेवटल्या. कोणात मिसळत नाही तो."

"त्याले बोलू द्या."

छोटेलालने हवालदाराच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. जमुनाबाईंना वाटलं, आता हा 'नाही' म्हणते अन् सारं संपते.

"हो," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "शेवटल्या."

कागद फेकून दोघे निघून गेले. बूट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आले.

जमुनाबाईंनी भात वाढला. निम्मा ताटाबाहेर सांडला.

"जेव. मी काय खोटं बोलली का?"

"नाही, माय. मिसळत नाहीतच ते." तो कागदाची फाटकी कड जुळवत बसला. "पण काचेच्या नळीत भरून वीज सोडली, तर निऑन लालभडक पेटते."

त्याची नजर मागच्या दारावर होती. जमुनाबाईंनी भात फडक्यात बांधला आणि मागच्या दाराची कडी स्वतः काढली.

"सडकेनं नको जाऊ," त्या म्हणाल्या. "धानाच्या बांध्यांतून जा."