शुभेच्छुकांच्या रांगेतली आई

मी एक फ्लेक्स बोलतोय. खरं तर मान वर करून बोलावं अशी माझी परिस्थिती राहिलेली नाही. रणजीतच्या गच्चीवर मी पालथा पडलोय, तोंड फरशीकडे आहे आणि पाठीवर गहू वाळतायत. मला हे असंच बरं वाटतं. तुम्हाला ऐकायचं असेल तर जरा टेकून बसा.

पिंपरी-चिंचवडपासून पार चाकणपर्यंत आम्हां फ्लेक्स लोकांना कामाची ददात नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचा बैल शर्यतीत पहिला, कुणाचं पोरगं दहावीला काठावर पास. माझ्या शेजारच्या खांबावर तर एका कुत्र्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. कुत्र्याच्या गळ्यात सोन्याची चेन आणि खाली शुभेच्छुक म्हणून ओळीनं उभी माणसं! मी त्याला फार हसायचो. आता वाटतं, त्या बिचाऱ्यामुळे कुणाच्या डोळ्यांत पाणी तरी आलं नव्हतं.

माझा जन्म कुरुळीत, हायवेला लागून असलेल्या आरिफच्या दुकानात झाला. मला करून घेणारा रणजीत. रणजीत कुरुळीच्या जुन्या घरातला. वडील नानासाहेब गेले तेव्हा जमिनीवर शेड उभी राहिलेली होती. शेडचं भाडं कंपनी देते, मागच्या खोल्यांचं भाडं कामगार देतात. बायको पूनम चाकणला एका कंपनीच्या ऑफिसात जाते. आई शालनबाई घर बघते. रणजीतला दिवसभर काम असं काही नाही, आणि हातात मोबाइल.

आधी तो गावच्या राजकारणावर लिहायचा. पण गावात कुणाला टोचून लिहिलं की तोच माणूस दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत समोर उभा! मग त्यानं अमेरिका धरली. अमेरिकेतला माणूस गिरणीत भेटत नाही. वाटेल ते लिहा, कोण विचारतंय? तिकडच्या दोन पक्षांतला एक त्यानं आपला मानला. का मानला, ते मला कळलं नाही, बहुतेक त्यालाही नसावं. तिकडच्या राज्यांची नावं तो आपल्या वाड्यावस्त्यांसारखी घ्यायचा. "ती दोन पक्की आपली हायेत. तिसऱ्यात जरा गडबड वाटतीय."

तिकडचा निकाल लागला आणि रणजीतचे साहेब जिंकले. त्याच दिवशी तो आरिफकडे आला. मी तेव्हा कोरा होतो, रोलमध्ये गुंडाळलेला, पण कान शाबूत होते.

"ह्ये बघ आरिफ," त्यानं मोबाइल पुढे केला. "हारलेल्या पार्टीतली म्हातारी. कशी रडतीय बघ! ह्या फोटूखाली मी असलं भारी लिवलंय ना, सगळी अमेरिका हसतीय."

आरिफनं नुसतं बघितलं. "मजकूर काय टाकू, दादा?" त्यानं विचारलं.

मजकूर ठरला. मध्ये जिंकलेले साहेब, कोट घातलेले. शेजारी तेवढाच मोठा रणजीत, गॉगल घातलेला, हात जोडलेला. वर सोनेरी अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांची रांग हवी होती, पण अमेरिकेच्या साहेबांना शुभेच्छा द्यायला मित्रांपैकी कुणी फोटो देईना. मग रणजीतनं मोबाइलमधून घरातलीच माणसं काढली, आणि शेवटच्या गोलात आई बसवली.

तो फोटो त्याच्या लग्नातला. शालनबाईंचे पुढचे दोन दात नाहीत, म्हणून हसताना त्यांचा हात आपोआप पदराकडे जातो आणि पदर तोंडावर. त्या दिवशी कुणीतरी काहीतरी बोललं, त्या खदखदून हसल्या आणि पदर धरायच्या आत फोटो निघाला. त्यांचा उघड्या तोंडानं हसतानाचा तेवढा एकच फोटो.

"आईंना विचारलंय का?" आरिफ म्हणाला.

"त्यात काय इचारायचं? आई माझीच हाय की!"

यंत्रानं मला पुढे ओढलं आणि रंग चढत गेला. साहेब आले, रणजीत आला, शेवटी ते हसू आलं. खोटं कशाला सांगू, मला माझा लई अभिमान वाटला.

चौकात रणजीतच्या ऑफिससमोर मला बांधलं. ऑफिस म्हणजे चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक टेबल. कंपनीच्या बसची वाट बघणारे कामगार माझ्याकडे बघून म्हणायचे, "काय राव, हे कुठले नगरसेवक?" मी आपला फुगून वाऱ्यावर हलायचो.

इथपर्यंत ठीक होतं. पण रणजीतनं माझा फोटो काढला आणि त्या रडणाऱ्या बाईच्या फोटोखाली नेऊन टाकला. तिला आणखी चिडवायला. तिथंच त्यानं माती खाल्ली.

हारलेल्या बाजूची माणसं चिडलेलीच होती. त्यांतल्या कुणीतरी त्या फोटोतला माझा खालचा कोपरा कापून घेतला, नुसत्या शालनबाई. आणि त्या सुटल्या सगळ्या जगभर. काय काय लिहिलं होतं ते मी सांगणार नाही. दातांवर होतं, रंगावर होतं, डोक्यावरच्या पदरावर होतं. घरात संडास आहे का, असंही विचारलं होतं. रणजीत माझ्याखाली खुर्चीत बसून आरिफला वाचून दाखवत होता. सुरुवातीला चवताळून, मग हळू आवाजात.

"पन ह्यो तर आपल्या पार्टीचा हाय," तो एकदम म्हणाला. "त्येच्या फोटूतला झेंडा बघ ना. ह्यो बी तसलंच लिवतोय."

ज्यांच्यासाठी हा रात्रंदिवस भांडत होता, तेच आता त्याच्या आईला हसत होते. रणजीतनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

संध्याकाळी शालनबाई आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, तुरूतुरू चालत. मिरचीच्या कांडपावर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमचा फोटो अमेरिकेत गेलाय.

"आरं रणजीत, खरं हाय व्हय?" त्या माझ्यासमोर उभ्या राहून आपल्याच तोंडाकडे बघायला लागल्या. "आगं बया, दातं दिसत्यात की माझी! काय म्हणत्यात ती लोकं?"

रणजीतनं मान वर केली. मला वाटलं, आता सांगेल. घसा खाकरून तो म्हणाला, "चांगलं म्हणत्यात. आजीचं हसू लई झ्याक हाय म्हणत्यात."

"दातं न्हाईत तरी?"

"त्येच आवडलंय त्यास्नी."

शालनबाई हसल्या. हात पदराकडे गेला आणि मधेच थांबला. तोंडावर पदर न घेता, माझ्यासमोर उभ्या राहून, त्या तशाच हसल्या. मी एवढा रंगीत, पण त्या हसण्यापुढे फिका पडलो.

"लिव त्यास्नी," त्या म्हणाल्या. "म्हणावं, आईनं रामराम सांगितलाय. कदी हिकडं आलासा तर जेवल्याबिगर जायचं न्हाई. बाजरीची भाकर करीन."

रणजीतनं अंगठा नुसताच काचेवर फिरवला. "लिवलं," तो म्हणाला.

त्यानंतर ती माउली जी हसायला लागली! चौकातून जाताना माझ्याकडे बघून हसायची. भाजीवाल्याशी हसायची, खोल्यांतल्या कामगारांच्या बायकांशी हसायची, तोंडभर, मोकळी. आणि ती पुढे गेली की मागे उरलेल्यांची नजर एकमेकांकडे जायची, कारण तो फोटो आणि त्याखालचं सगळं एव्हाना गावातल्या मोबाइलांत पोचलं होतं. मी हे सगळं वरून बघत होतो. गळून पडावं असं वाटायचं, पण आरिफनं मला पक्कं बांधलं होतं.

पूनमला ते ऑफिसात कळलं. बसमधून उतरली ती थेट रणजीतसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही आईंना काय सांगितलंय?"

"मंग काय सांगू? त्यांचं वाचून दाखवू का तिला?"

"रविवारी गिरणीत माझ्यादेखत त्या हसत होत्या आणि बायका तोंड फिरवून घेत होत्या. त्यांना वाटतंय सगळ्या कौतुक करतायत. उद्या कुणीतरी तोंडावर सांगेल. मग त्या कुणाकडे बघतील? तुम्ही सांगताय की मी सांगू?"

रणजीत म्हणाला, मीच सांगतो. पण सांगायची वेळ त्यानं गाठायच्या आत आईच आली. संक्रांत जवळ आली होती, हातात तिळाच्या लाडवांचा डबा होता.

"आरं, त्या अमेरिकावाल्यांचं काय उत्तर आलं का? येतो म्हणाले का जेवायला?"

रणजीत खुर्चीतून उठला. "आई, मी खोटं बोललो. ती लोकं तुला चांगलं न्हाई म्हणत. हसत्यात."

"हसत्यात म्हंजी?"

"नावं ठेवत्यात."

चौकात बस येऊन थांबली होती, हॉर्न वाजत होता. शालनबाईंनी डबा टेबलावर ठेवला. हात पदराकडे गेला आणि तोंड झाकलं गेलं.

"मंग इतकं दिस मला हसू का दिलंस रं?" त्या पदराआडून म्हणाल्या.

रणजीतनं मान खाली घातली. पूनम मागे येऊन उभी राहिली होती, तिनंही मान खाली घातली.

"आन मी काय वाकडं केलंय त्यांचं? वळख ना पाळख, आन उगंच कोन कुनाला नावं ठेवंल?"

"उगंच न्हाई, आई. आदी मीच…" त्यानं मोबाइल काढला. आता सगळंच सांगायचं त्यानं ठरवलं असावं. त्यानं तो रडणाऱ्या बाईचा फोटो काढून आईपुढे धरला. "हिच्या फोटूखाली मी आपला फ्लेक्स टाकला व्हता. तितनं ह्ये सगळं झालं."

शालनबाईंनी मोबाइल लांब धरून, मग जवळ धरून बघितला. पिकलेल्या केसांची, त्यांच्याच वयाची बाई. गालावर काजळ ओघळलेलं.

"कोन गेलं हिचं?"

"कुनी न्हाई. निवडनूक हारली तिची पार्टी."

"आन खाली तू काय लिवलंस?"

"जाऊ दे ना, आई."

"वाच."

मोबाइलवर अख्ख्या अमेरिकेच्या अंगावर जाणारा हा गडी आता अडखळला. दुसऱ्यांनी त्याच्या आईला लिहिलेलं त्यानं आरिफला वाचून दाखवलं होतं. आता स्वतःचं वाचायचं होतं. "रड म्हातारे, आनखी रड," त्यानं मराठीत करून वाचलं. "तुझं त्वांड बघूनच तुमची पार्टी हारली."

शालनबाईंनी मोबाइल पुन्हा जवळ घेऊन त्या बाईकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "हिच्या लेकानं वाचलं आसंल का रं ह्ये?"

रणजीत रडला. भर चौकात, बसमधली माणसं बघत असताना, हुंदके देऊन रडला. मी त्याच्या डोक्यावर लटकत होतो आणि माझ्यावरचा रणजीत गॉगल लावून हात जोडून उभा होता. मला माझीच किळस आली.

मला उतरवायला त्यानं कुणाला बोलावलं नाही. शिडी लावून स्वतः चढला, आरिफच्या गाठी सुटेनात म्हणून दातांनी सोडवल्या. घरी नेऊन अंगणात पसरलं आणि पूनमला विचारलं, "माफी मागायची तर इंग्रजीत कसं लिवायचं?"

"सॉरी लिहा."

"सॉरी नको गं. त्ये बसमधी धक्का लागला तरी म्हणत्यात. मोठं काय असतं?"

एवढ्या इंग्रजी शिव्या येणाऱ्या माणसाला तेवढं येत नव्हतं. पूनमनं सांगितलं, त्यानं एकेक अक्षर बघून लिहिलं. जुनं लिहिलेलं पुसलं आणि त्या जागी हे टाकलं. त्या बाईनं ते वाचलं की नाही, कुणाला ठाऊक. उत्तर आलेलं नाही. खाली दोघातिघांनी मात्र लगेच हसरी तोंडं चिकटवली. रणजीत ती बघत बसला आणि कुणालाही काही लिहिलं नाही.

मग तो कात्री घेऊन आला आणि माझ्यावरचा आईचा गोल कापायला वाकला. जाळून टाकतो म्हणाला.

"मला कापू नको," शालनबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, पदर तोंडावरच होता. "कापायचंच तर तुझं त्वांड काप. त्येच लई मोठं छापलंय."

त्यानं खरोखर कापलं. गॉगल, जोडलेले हात, सगळं. तेव्हापासून साहेबांशेजारी माझ्यात माणूसभर भोक आहे. असला फ्लेक्स कुठे लावणार? उन्हं तापली तशी मला गच्चीवर आणलं. शालनबाईंनी मला स्वतः पालथं अंथरलं, म्हणजे त्यांचं ते हसू फरशीला टेकलं. भोकाच्या कडेनं गहू सांडतात आणि त्या ते वेचत बसतात. रणजीत वर आला तर तोही शेजारी बसून वेचतो. मोबाइल खाली ठेवून येतो. फार बोलत नाहीत दोघं. परवा तो काहीतरी गमतीचं बोलला, त्यांचे खांदे हलले, पण तोंडावर पदर होता.

तुम्ही आम्हाला चौकाचौकांत लावता. लावा, आमचं पोट त्यावरच आहे. पण कुणाचा चेहरा छापण्याआधी त्या माणसाला विचारत जा. आणि हातातल्या काचेवर दिसणाऱ्या कुणा परक्या म्हाताऱ्या बाईला काही लिहिण्याआधी, तेच आपल्या आईला मोठ्यानं वाचून दाखवता येईल का, तेवढं बघा.

माझ्यासाठी मागणं एकच आहे. ते मोकळं हसू आता या घरात फक्त माझ्याजवळ उरलंय, खाली तोंड केलेलं. ते परत येईपर्यंत मला फेकू नका. ज्या दिवशी शालनबाई पदर न धरता पुन्हा तशा हसतील, त्या दिवशी मला खुशाल भंगारात घाला.