हसतानाचा फोटो

सोलापूरच्या कोर्टानं उत्कर्षाला घटस्फोट दिला, पण चर्चच्या लेखी ती अजून त्या दारुड्याचीच बायको होती. लग्न जबरदस्तीनं झालं असं साक्षीदारानं शपथेवर सांगितलं, तरच चर्च ते रद्द ठरवणार होतं. म्हणून आईच्या हातापाया पडून तिनं तिलाच साक्षीला आणलं.

आई फादरांच्या खोलीतून बाहेर आली ती लग्नाचा अल्बम काखोटीला मारूनच.

"काय सांगितलंस?"

"पोरगी लई खुशीत होती म्हणलं. हसतानाचा फोटोच दाखवला की."

त्या दिवशी फोटोवाल्याच्या मागं उभं राहून आईच दटावत होती, "हसली न्हाईस तर तुझ्या जागी धाकटीला उभी करीन." उत्कर्षा हसली होती.

"धाकटीचं बी ठरवलंय," आई म्हणाली. "पुढच्या महिन्यात बार उडवायचा. तिला जरा हसायला शिकव."