मला तोडायचा हुकूम

रिमाचीला तुम्ही मारलंत. दोरी तुमच्या हातात नव्हती, तुम्ही, ठाण्याचे कारभारी, इथून दोन दिवसांच्या चढावर दगडी ठाण्यात बसला होतात, हे मला ठाऊक आहे. तरी तो तुमच्यामुळेच गेला. हुकूम देणं एवढंच तुमचं काम होतं. खायला मका, नेसायला मऊ लोकर, वाकून चालणारी माणसं, हे सगळं तुम्हाला त्यासाठीच मिळत होतं. आणि ज्या दिवशी हुकमाची खरी गरज होती, त्या दिवशी तुमची वाचा बसली. आता मी बोलतो. तुम्ही ऐका.

मित्रांनो, मी एक जुना पूल आहे. दगडाचा नाही, लाकडाचाही नाही. गवताचा. दोन कड्यांच्या मध्ये लोंबकळतो, आणि खाली नदी इतकी खोल आहे की जोराचा वारा असला की तिचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नाही. दर वर्षी पाऊस सरला की माझं अंग नवं होतं आणि जुनं कापून नदीत सोडतात. मग मी जुना कसा, असं तुम्ही विचाराल. अरे, जागा तीच, गाठी त्याच, आणि गाठी मारणारं घराणंही तेच. मी जुनाच.

माझ्या आधी इथे पूल नव्हता. दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांना शिव्या देण्यापुरती ओळखत होती. मग राजधानीतून फौज आली, फौजेमागून गाठींचे दोर वाचणारे कारभारी आले; इथे हिशेब आणि निरोप दोराला गाठी मारूनच ठेवतात. राजाला देश चारही दिशांना वाढवायचा होता, त्यासाठी रस्ता हवा होता, आणि तो रस्ता नदीपाशी अडून चालणार नव्हतं. तीन गावांना काम वाटून दिलं. बायकांनी डोंगरी गवत दगडावर ठेचायचं, भिजवायचं, तळहातांवर त्याची बोटभर दोरी वळायची. पुरुषांनी त्या दोऱ्यांना पीळ घालून मांडीएवढे दोरखंड करायचे आणि कड्यावरून कड्यावर टाकायचे. त्या वेळी बायकांनी माझ्यावर पाय ठेवायचा नाही, नदी रागावते म्हणे. नदीला विचारायला कोण गेलं होतं कोण जाणे.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. मीठ गेलं, मका गेला, वाळवलेल्या बटाट्यांची पोती गेली. लामांचे, म्हणजे ओझी वाहणाऱ्या लांब मानेच्या लोकरी जनावरांचे, कळप कान ताठ करून गेले. एकदा राजाची पालखी गेली. सगळी माणसं जमिनीला नाक लावून पडली होती, त्यामुळे राजा कसा दिसत होता हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मला कळले ते पालखी उचलणाऱ्यांचे ओले तळपाय. चार दिशांत असा पूल नाही, असं येणारेजाणारे म्हणायचे. मी फुगायचो.

कौतुकाबरोबर कायदाही आला. माझ्या दोरीला जो मुद्दाम हात लावील तो मरेल, त्याचं घरही मरेल. मला तोडायचंच असेल तर राजाचा हुकूम लागेल. हुकूम म्हणजे गाठींचा दोर, आणि त्यात राजाच्या कपाळपट्टीतला तांबडा धागा. धागा नसेल तर हुकूम नाही.

रिमाची माझा राखणदार. कमी बोलायचा आणि सतत काहीतरी घट्ट करत असायचा. त्याच्या आधी त्याचा थोरला भाऊ साय्री राखणदार होता. राजाचे दोन मुलगे गादीसाठी भांडले, तेव्हा एका सरदाराने साय्रीला दरडावून मला तोडायला लावलं. साय्रीने तोडलं. पुढे दुसरा मुलगा जिंकला आणि त्याच्या ठाण्यातल्या माणसांनी साय्रीला एकच विचारलं, धागा कुठे आहे. साय्रीला, त्याच्या बायकोला आणि पाच वर्षांच्या पोराला माझ्याच कड्यावरून खाली टाकलं. रिमाचीला ते बघायला उभं केलं होतं. नंतर मला पुन्हा बांधलं तेही त्यानेच.

मग उत्तरेकडून बातम्या येऊ लागल्या. तोंडावर केस असलेली माणसं आली आहेत, लामांपेक्षा दुप्पट मोठ्या जनावरांवर बसतात. त्यांनी नव्या राजाला धरलं. खोली भरून सोनं घेतलं, आणि तरी त्याचा गळा आवळला. आता ती माणसं राजधानीकडे निघाली आहेत. म्हणजे माझ्यावरून.

रिमाचीने ठाण्यावर जासूद धाडला. विचारायचं एवढंच होतं, पूल तोडू का. जायला दोन दिवस, यायला दोन. चौथ्या दिवशी जासूद आला नाही. रिमाचीने दुसरा धाडला. पलीकडच्या डोंगरावर धूर दिसू लागला. लामा गवताला तोंड लावीनात. रात्री झोप नाही म्हणून रिमाची थकवा मारणारी कोकाची पानं चघळत माझ्यावरून येरझाऱ्या घालायचा, आणि त्याच्या पावलांतली थरथर मला दोन्ही टोकांपर्यंत जाणवायची.

आणि या माणसाने त्या दिवसांत काय केलं, ऐका. फौज येणार असेल तर पूल पक्का करायचा, हा राखणदाराचा जुना नेम. फौज कुणाची, हे त्यात सांगितलेलं नव्हतं. तोडायचा हुकूम आला नाही आणि पूल सैल सापडला, तर मरण ठरलेलं. म्हणून त्याने माझे दोरखंड ताणले. पायाखालच्या काटक्यांच्या चटया नव्या घातल्या.

त्याची लेक चुम्पी तान्ह्याला पाठीला बांधून हे बघत होती.

"बा, पाहुण्यांसाठी गालिचाही घाला," ती म्हणाली. "म्हणजे राजधानीत पाय मळलेले जाणार नाहीत."

रिमाचीने पुढची चटई पसरली.

"दर वर्षी कापताच ना? नवा करायचाय म्हणून जुना कापला, असं सांगू."

"आधी नवा दोर पलीकडे जातो, मग जुना कापतात. आणि महिने ठाण्यातल्यांनाही मोजता येतात, पोरी."

सहाव्या दिवशी दुपारी पहिला जासूद आला. घामाने निथळत होता. पूल तोडा, एवढंच म्हणाला. रिमाचीने हात पुढे केला. गाठींचा दोर होता, तांबडा धागा नव्हता. रिमाचीने दोर दोनदा उलटून पाहिला.

"धागा?"

"काका, ज्याच्या कपाळावरून धागा काढायचा, ते कपाळच पुरलंय."

"मग हुकूम कुणाचा?"

जासूद म्हणाला, कारभाऱ्यांनी कुणाचं नाव सांगितलं नाही. फक्त जा म्हणाले.

मित्रांनो, तेवढ्यात पलीकडच्या कड्यावर ते दिसले. छातीवर पत्रे चकाकत होते. रिमाची सुरी हातात घेऊन खाली बसला. त्या क्षणी मला तुटायचं होतं. इतकी वर्षं न तुटणं हाच माझा अभिमान, आणि त्या क्षणी मात्र कुणीतरी मला कापावं म्हणून मी वारा नसताना हलत होतो.

चुम्पीने बापाच्या हातातली सुरी ओढली आणि पाठीवर तान्ह्यासकट धावत माझ्यावर आली. हाताशी धरायचा एक दोर तिने अर्धा कापला. रिमाचीने तिला कमरेला धरून मागे खेचलं. ओरडला नाही. तिच्या कानाशी म्हणाला, "साय्रीचं पोर पडताना मी पाहिलंय. तुझं नाही बघणार."

तिने सुरी सोडली.

ते उतरून चालत आले. जनावरांच्या डोळ्यांवर फडकी बांधली होती, एकेकाला हाताने धरून आणलं. त्यांना घोडे म्हणतात हे मला नंतर कळलं. खूर चटयांवर पडत होते. जुन्या चटया असत्या तर पहिल्याच घोड्याचा पाय आरपार गेला असता. एकाचाही गेला नाही. रिमाचीचं काम कधी कच्चं नसायचं.

राजधानी पडली. पुढच्या वर्षीचं गवत कापायच्या आधीच ठाण्यातून तुमचा माणूस आला आणि हुकूम मिळूनही पूल का तोडला नाहीस, असं रिमाचीला विचारलं. रिमाची म्हणाला, धागा नव्हता. तो माणूस हसला. देश जळत होता आणि याला धागा हवा होता, असं म्हणून त्याने रिमाचीचे हात मागे बांधले. दोरी रिमाचीनेच वळलेली होती, सुटली नाही. तो परत आला नाही.

नंतर तुम्ही स्वतः आलात. माझ्यावरूनच गेलात, दाढीवाल्यांच्या मागोमाग, त्यांनी दिलेल्या घोड्यावर बसून. चुम्पी वाटेत उभी राहिली. तिने बापाचं काय झालं ते विचारलं, तुम्ही मान वळवलीत.

आता गाठी चुम्पी मारते. बांधणीच्या वेळी बायकांनी पुलावर यायचं नाही, हे सांगायला आता कुणी धजत नाही. मित्रांनो, जुनी वस्तू शेवटी माझी काळजी घ्या म्हणते. मी ते म्हणणार नाही, मला दर वर्षी नवं गवत मिळतं. जो तुमचे पूल राखतो त्याची काळजी घ्या. त्याला हुकमाविना कड्यावर उभं करू नका.

आणि तुम्ही, ठाण्यातले. साय्रीने तोडला, त्याला मारलंत. रिमाचीने राखला, त्यालाही मारलंत. मग त्या कड्यावर उभ्या माणसाने करायचं काय होतं? गाठींचा दोर नको, जासूद नको. इथे या, चुम्पीसमोर उभे राहा आणि तोंडाने सांगा.