मगरीच्या गावचा जावई

उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या आमच्या बेटावर राहायला आल्याच्या तिसऱ्याच दिवशी डार्सीनं जेवताना मगरीचा विषय काढला. डार्सी म्हणजे आमचा जावई, ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तरेला एका नदीकाठी वाढलेला. माझी मुलगी इल्वा तिकडे नोकरीला गेली होती, ती चार वर्षांनी त्याला घेऊन परत आली. वर्षभर आमच्याकडे राहायचं, बोटीची जुनी शेड दुरुस्त करून तिचं घर करायचं, पुढचं पुढे बघू, असा दोघांचा बेत होता.

"आमच्याकडे पाण्यात पाय घालायच्या आधी मृत्युपत्र करतात," डार्सी म्हणाला. "काठावर ओंडका पडलाय असं वाटतं, आणि ओंडका उठून अंगावर येतो."

"आमच्या उत्तरेला अस्वलं आहेत," आल्वार, माझा नवरा, म्हणाला.

"कितीजणांना खाल्लं?"

आल्वार बटाटा सोलत विचार करत राहिला. "तसं फार नाही."

"मग?"

"मग एल्क. घोड्याहून उंच हरीण. धावत्या गाडीच्या काचेवर येऊन पडलं की खेळ खल्लास."

"तो गाडीचा पराक्रम झाला, आल्वार. हरणाचा नाही."

आल्वारनं तीस वर्षं फेरीबोट चालवली. त्याला टेबलावर असं कुणी हरवलेलं मला आठवत नाही. पण त्याला ते आवडलं होतं. रोज संध्याकाळी दोघं पत्ते पिसावेत तसे प्राणी काढायचे. डार्सीकडून विषारी जेलीफिश, लाथ मारून पोट फाडणारा पक्षी, बुटात शिरणारा कोळी. आल्वारकडून आमचा एकुलता एक विषारी साप. "त्याला मी मफलर म्हणून गुंडाळीन," डार्सी म्हणाला, आणि आल्वार खोकला येईपर्यंत हसला.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी मीही त्या खेळात तोंड घातलं. का घातलं कुणास ठाऊक. इल्वा कॉफी आणायला आत गेली होती. मी म्हटलं, "ह्या बेटावर एक माणूस गांधीलमाशीनं मेला. तिशीतला होता, धडधाकट. सरबताच्या ग्लासात माशी होती, घशात चावली."

डार्सीनं काटा खाली ठेवला आणि तो हसायला लागला. "गांधीलमाशी! आल्वार, ऐकलंस? गुन्नेलनं तुझं अस्वलसुद्धा मागे टाकलं!"

आल्वार खाली मान घालून ताटाकडे बघत राहिला. कारण तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ स्तूरे. डार्सीला ते माहीत नव्हतं. सांगायचं तर मीच सांगायला हवं होतं, पण मी उठून ताटं गोळा केली. भांडी पुसताना आल्वार हळूच म्हणाला, "सांगून टाक त्याला."

"तू सांग."

दोघांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लस टोचणारी बोट धक्क्याला लागणार होती. आमच्या किनाऱ्यावर गोचीड फार. तिच्या चाव्यातून कधीकधी मेंदूज्वर होतो, म्हणून इथली माणसं ठरल्या वर्षी निमूट दंड पुढे करतात आणि घरी जातात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी महिनाभर आधी तीन नावं लिहून ठेवली होती: आल्वार, मी, डार्सी. इल्वाची लस झालेली होती आणि ती पहाटेच्या बोटीनं शहरात कामाला गेली होती. डार्सी झोपला होता. मी त्याच्या दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला. आतून त्याचं घोरणं ऐकू येत होतं, एखाद्या सुखी माणसाचं असतं तसं. मी हात काढून घेतला.

"तो येत नाही?" आल्वारनं विचारलं.

"झोपलाय. झोपू दे."

इल्वालाही फोनवर मी तेच सांगितलं. पुढच्या वेळी घेईल म्हटलं. मेच्या अखेरीला बोट पुन्हा आली, तेव्हा डार्सी आणि आल्वार लाकूड आणायला गेले होते. आठवण केली असती तर एक दिवस थांबले असते. तोवर त्याच्या हसण्यावरचा माझा रागही ओसरला होता. राग गेला, पण मी काही बोलले नाही, ह्याचा अर्थ मला अजून लागत नाही.

जूनमध्ये डार्सी शेडमागचं कमरेएवढं गवत कापायला लागला, चड्डीवर, उघड्या पोटऱ्यांनी. "अंग बघून घेत जा रे," मी म्हणायची. पण लहान मुलाला टोपी घाल म्हणतात, तसं. घाबरवलं नाही. एकदा त्यानं गुडघ्यामागून गोचीड उपटली आणि आल्वारच्या बशीच्या कडेला ठेवली. "घे, हा तुमचा वाघ." आल्वारनं ती चमच्याखाली चिरडली आणि लोणच्यातल्या हेरिंग माशाचा तुकडा तोंडात टाकला.

जुलैत डार्सीला ताप आला. चार दिवस अंग मोडून आलं आणि पाचव्या दिवशी ताप उतरला. तो उठून कामाला लागला, शिट्टी वाजवत. इल्वा खूश होऊन शहरात परतली.

मी मात्र कॅलेंडरसमोर उभी राहून दिवस मोजायला लागले. गोचिडीचा मेंदूज्वर असाच खेळतो, हे इथं लहान पोरालाही माहीत असतं. ताप येतो, जातो, माणूस आठवडाभर ठणठणीत असतो, आणि मग खरं दुखणं सुरू होतं. प्रत्येक वेळी होतंच असं नाही. बऱ्याचदा पुढे काहीच होत नाही. पण माझं बूड एका जागी टेकेना. शेडकडे कॉफी घेऊन जायचं, परत यायचं, अर्ध्या तासानं पाणी घेऊन जायचं. धुतलेले पडदे मी पुन्हा धुतले. आमच्या कुत्र्याचं अंग दिवसातून पाच वेळा चाचपून बघितलं, शेवटी तो मला बघून टेबलाखाली जायला लागला.

"मान दुखते का?" मी डार्सीला विचारायची.

"तू विचारतेस म्हणून दुखते," तो म्हणायचा.

"डॉक्टरकडे नेऊ या," मी आल्वारला म्हटलं.

"अगं, बरा झालाय की. कशाला मागे लागतेस?"

आठव्या दिवशी दुपारी मी पुन्हा शेडपाशी गेले. डार्सी फळीवर खिळा ठोकत होता. हातोडी खिळ्याच्या शेजारी पडत होती. एकदा, दोनदा, चारदा, त्याच ठिकाणी. त्यानं वर बघितलं आणि मला म्हणाला, "इल्वा, हे कुणीतरी हलवतंय."

"मी गुन्नेल आहे."

"तेच म्हणतोय मी," तो चिडून म्हणाला, आणि पुढचे शब्द नुसते गळून पडले. कुठल्याच भाषेतले नव्हते ते.

मी आल्वारला हाक मारली. तशी हाक मी स्तूरेच्या वेळी मारली होती, त्यानंतर कधीच नाही. आल्वारनं एक शब्द न विचारता बोट सोडली. चाळीस मिनिटं मी डार्सीचं डोकं मांडीवर धरून बसले. ऊन लागतंय म्हणून तो ओरडत होता, आणि आभाळ तर ढगांनी भरलेलं.

इस्पितळात डॉक्टर म्हणाली, ह्याच्यावर औषध नाही. ताप आणि दुखणं कमी करता येतं, बाकी वाट बघायची. मी चोरासारखं विचारलं, "लस घेतली असती तर?"

"किती डोस?"

"दोन. एप्रिल, मे."

"मग बहुतेक तो इथं नसता," ती सरळ म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली. तिला काय कल्पना.

इल्वा दिवसभर त्याच्या उशाशी असायची. मी बाहेरच्या लांबलचक पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालायची. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला कॉफीचं यंत्र. तिथल्या एका नर्सनं मला तिसऱ्या दिवशी नावानं ओळखायला सुरुवात केली. "गुन्नेल, बस जरा. तू चालल्यानं त्याचा ताप उतरणार नाही."

बाराव्या दिवशी डार्सी उशीला टेकून बसला. डावा हात चादरीवर तसाच पडून होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. इल्वा आंघोळीला गेली होती. मी दार लावलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गांधीलमाशीनं गेलेला माणूस माझा भाऊ होता. त्या सकाळी मी तुझ्या दाराशी आले होते. कडीला हात लावला होता. परत गेले.

त्यानं उजव्या हातानं चादर वर ओढली. मग म्हणाला, "मला झोप येतेय." आणि भिंतीकडे वळला.

त्यानंतर तीन आठवडे तो माझ्याशी कामापुरतं बोलला. इल्वाला त्यानं सांगितलं की नाही, मला कळलं नाही. शेवटी मीच सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. "तू मला फोनवर म्हणालीस, झोपला होता," एवढंच म्हणाली, आणि वर्ष पुरं होण्याआधी दोघांनी परत जायची तिकिटं काढली. शेड आल्वारनं एकट्यानं पुरी केली. तिथं आता कुणीच राहत नाही.

दीड वर्षानं मी त्यांच्याकडे गेले, एकटीच. आल्वारला विमान सोसत नाही. इल्वानं बोलावलं होतं, डार्सीनं नाही. डार्सीचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. गाडी तो उजव्या हातानं चालवायचा, सुतारकाम सोडून एका दुकानात हिशेब बघायचा. माझ्याशी सभ्यपणे वागायचा, वेटर गिऱ्हाइकाशी वागतो तितक्या सभ्यपणे.

एका सकाळी तो आम्हाला नदीवर घेऊन गेला. पाणी तपकिरी, अगदी शांत. वाऱ्यानं माझा रुमाल उडाला आणि काठाच्या चिखलात पडला. मी दोन पावलं खाली उतरले.

"गुन्नेल!"

मागून त्यानं माझा दंड असा धरला की मी ओरडले. त्यानं मला फरफटत वर आणलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पहिल्या दिवसापासून सांगतोय ना? कशाला सांगतोय मी? गंमत म्हणून?" लोक वळून बघत होते. इल्वा म्हणाली, "डार्सी, पुरे." पण तो थांबेना. "माझी आई पाहुणा आला की आधी त्याला घाबरवायची आणि मग चहा टाकायची. आम्ही सगळे तेच करतो. बढाया नाहीत त्या. समजलं? आम्हाला माणसं परत पाठवायची असतात!"

पाण्यात काहीच हललं नव्हतं. मगर होती की नव्हती, मला आजही माहीत नाही.

"आणि मी तुला घाबरवलं नाही," मी म्हटलं.

"नाही घाबरवलंस."

"मला माफ करशील?"

तो धापा टाकत उभा होता. निकामी हात त्यानं चांगल्या हातानं पोटाशी धरला होता. "आत्ता नको विचारू," तो म्हणाला. "आत्ता गाडीत बस. आणि खिडकीपाशी नको, मधे बस, म्हणजे मला आरशात दिसशील."

मी मधे बसले. घरी पोचेपर्यंत तो दर दोन मिनिटांनी आरशात बघत होता.